हशा कोणाच्या जिवावर?

नाना पाटेकर यांनी पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर ‘हाउसफुल 5’ या चित्रपटात काम केले, याची दखल एका राजकीय साप्ताहिकाने का घ्यावी, असे काही मित्र विचारतील. शेतीमालाचे भाव आणि कंत्राटी कामगारांचे हाल समोर असताना एका सवंग सिनेमाचे काय घेऊन बसलात, असे त्यांचे म्हणणे असेल. माझे उत्तर सरळ आहे. बाजारात काय विकले जाते आणि ते कोणाच्या जिवावर विकले जाते, हे तपासण्यातच अर्थशास्त्राच्या शिक्षकाचा जन्म गेलेला असतो. शिवाय हा नट आपण आपला मानला होता.

‘आपला’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ या नाटकात नानांनी गुलाबराव उभा केला, तेव्हा सत्तेच्या मस्तीत स्त्रीवर अत्याचार करणाऱ्या पुढाऱ्याची किळस प्रेक्षकांच्या अंगावर काट्यासारखी उभी राहिली. 1982 चा मुंबईचा गिरणी संप चिरडला गेल्यानंतर, 1986 साली ‘अंकुश’ आला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या चार बेकार पोरांची ती कथा. त्यांतल्या एकाचा संताप नानांच्या डोळ्यांत पेटलेला होता आणि तो उसना वाटत नव्हता. ‘परिंदा’तील अण्णाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2016 साली त्यांनी पडद्यावर ‘नटसम्राट’ साकारला. एवढी पुंजी गाठीशी असलेला माणूस आता कोठे उभा आहे?

तो एका जहाजावर उभा आहे. एका अब्जाधीशाच्या शंभराव्या वाढदिवसाची ही सफर. तो मरतो, त्याच्या संपत्तीसाठी तीन वारसदार पुढे येतात, मग खून पडू लागतात. नाना येथे पोलीस अधिकारी आहेत. ‘परिंदा’त त्यांच्यासमोर ठाकलेले जॅकी श्रॉफही येथे पोलिसाच्याच वेषात आहेत! दीड डझनाहून अधिक नामवंत नटनट्यांची ही खोगीरभरती आहे. स्त्रियांना कथेत करण्याजोगे काम नाही. कॅमेरा त्यांच्या देहावरून फिरतो आणि पुरुष त्यावर द्व्यर्थी कोट्या करतात. ‘पुरुष’मधील गुलाबराव हे पाहून खूश झाला असता.

या मालाचे अर्थकारण पाहण्यासारखे आहे. 6 जून 2025 रोजी हा चित्रपट एकाच वेळी दोन आवृत्त्यांत प्रदर्शित झाला. दोहोंत शेवटचा खुनी तेवढा निराळा. म्हणजे साबणाची वडी एकच, वेष्टने दोन, आणि उत्सुक ग्राहकाच्या खिशातून तिकिटाचे पैसेही दोनदा. सिनेमाचा धंदा जोखमीचा असतो, आणि भांडवल जोखीम टाळू पाहते. चांगली पटकथा चालेलच याची खात्री कोणी देत नाही. ओळखीचा चेहरा मात्र विम्यासारखा कामी येतो. नानांचा चेहरा हा त्या विम्याचा एक हप्ता आहे. परंतु हा चेहरा निर्मात्याने घडवलेला नाही. दळवींसारख्या लेखकांनी, विजयाबाई मेहतांसारख्या दिग्दर्शिकेने आणि चाळीस वर्षे तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसाने तो घडवला. भांडवल समाजाचे आणि नफा खाजगी, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चावट विनोदाला नाक मुरडणाऱ्या पांढरपेशा अभिरुचीशी माझे काही देणेघेणे नाही. आमच्या विदर्भातील खडी गंमत सोवळी कधीच नव्हती. निळू फुले आणि दादा कोंडके हे दोघेही सेवा दलाच्या कलापथकांत वावरलेले. दादांच्या द्व्यर्थी संवादांनी अनेकांची झोप उडवली होती. परंतु वगातील सोंगाड्या हा फाटका माणूस असतो आणि फजिती होते ती राजाची, प्रधानाची, पाटलाची. हशा खालून वर जातो. ‘हाउसफुल’ मालिकेत तो वरून खाली येतो. तिसऱ्या भागात, 2016 साली, तर धडधाकट नायकांनी आंधळे, मुके आणि पांगळे असल्याची सोंगे आणून लोकांना हसवले. अशा मालिकेच्या पाचव्या भागात नाना गेले, ते तिला ओळखत नव्हते म्हणून नव्हे. ‘वेलकम’मधील उदय शेट्टीला आपण 2007 साली मनमुराद हसलो होतो, पण तेथे गुंडाच्या पोकळ अहंकाराची टिंगल होती आणि नानांनी स्वतःच्या प्रसिद्ध रागालाच विनोदाचे हत्यार केले होते.

‘लोकांना हेच हवे असते’ हा युक्तिवाद ठरलेला आहे. पुराव्यादाखल ‘वनवास’ पुढे केला जाईल: मुलांनी टाकून दिलेल्या बापाची भूमिका नानांनी डिसेंबर 2024 मध्ये केली आणि तो चित्रपट पडला. मागणी आभाळातून पडत नाही, हे मात्र येथे विसरले जाते. किती पडदे, कोणत्या वेळा आणि किती जाहिरात, हे ठरवणारेच निवडही ठरवतात. कन्हान-कामठीच्या पट्ट्यात कंत्राटावर राबणारा पोरगा पाळी संपवून मोबाइल उघडतो, तेव्हा त्याने आवड सांगण्याआधीच माल समोर मांडलेला असतो.

नानांनी 2015 साली मकरंद अनासपुरे यांच्यासह ‘नाम’ संस्था काढली, आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत पोचवली. ते काम मोठे आहे. पण दानाची वही वेगळी आणि कलेची वेगळी. एकीतील जमा दुसरीतील तूट भरून काढत नाही.

नागपूरची एम्प्रेस मिल 1877 साली सुरू झाली आणि 2002 साली कायमची बंद पडली. त्या जागेवर आज मॉल आहे, मॉलमध्ये चित्रपटगृह आहे. ‘अंकुश’मधील पोरांचे धाकटे भाऊ तेथे तिकीट काढतात आणि त्यांना दिसतो तो अब्जाधीशाच्या जहाजावर हशा गोळा करणारा पोलीस अधिकारी. आपल्या शाखांनी या उन्हाळ्यात वस्त्यावस्त्यांतून ‘अंकुश’ दाखवावा आणि खेळानंतर पोरांना बोलते करावे. पडदा आणि प्रक्षेपक भाड्याने मिळतात.