खेळपट्टीचे ज्ञान आणि पैजेचे गणित

क्रिकेटचा हंगाम सुरू झाला की बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या महाविद्यालयांतून खेळपट्टी, दव आणि सीमारेषेचे अंतर यांची चर्चा रंगते. ही चर्चा पुष्कळदा अचूकही असते. धोका आहे तो या ज्ञानाच्या बळावर पैसे लावण्याच्या मोहात.

मैदानाचा धावसंख्येवर परिणाम होतो, हे निर्विवाद आहे. नागपूरजवळील जामठा मैदानावर २००९ साली भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० षटकांत ३५४ धावा केल्या. त्याच मैदानावर १५ मार्च २०१६ रोजी, वीस षटकांच्या विश्वचषकात, न्यूझीलंडच्या फिरकीपुढे भारताचा डाव अवघ्या ७९ धावांत आटोपला. तीनच दिवसांनी मुंबईच्या वानखेडेवर इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेच्या २२९ धावा ओलांडल्या. अमेरिकेतील डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत बेसबॉलचा चेंडू दूरवर जातो. म्हणून २००२ पासून तेथे चेंडू दमट कपाटात ठेवले जातात.

परंतु जे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे ते पैजेचा भाव ठरविणाऱ्याला ठाऊक नसेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पीक भरघोस येणार, ही वार्ता सर्वतोमुखी झाली की कापसाचा भाव आधीच उतरलेला असतो. मागाहून ऐकणाऱ्याला तिचा लाभ नसतो. पैजेचेही तेच. डेन्व्हरच्या सामन्यात धावांचा आकडा मुळातच चढा मांडलेला असतो. शिवाय भाव ठरविणारा स्वतःचा नफा आधीच कापून ठेवतो. समजा, समसमान शक्यतेच्या पैजेत १०० रुपये लावून जिंकल्यास १९० रुपये हाती येतात. अशा १०० पैजांवर १०,००० रुपये लावणाऱ्याने निम्म्या जिंकल्या, तरी त्याला ९,५०० रुपयेच परत मिळतात. केवळ मुद्दल राखण्यासाठी शंभरांपैकी ५३ जिंकाव्या लागतील.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. ती आवश्यक होती. पुरेशी मात्र नाही. कारकुनाचा पगार आणि विद्यार्थ्याची फी गिळणारा खरा शत्रू म्हणजे ‘आपल्याला खेळ कळतो, म्हणून पैसाही मिळेल’ हा भ्रम होय. त्यावर कायद्याची मात्रा चालत नाही. शिक्षकांनी संभाव्यतेचा धडा शिकविताना नाणे-फाशांबरोबर हा साधा हिशेबही फळ्यावर मांडावा. खेळाचे ज्ञान हा आनंदाचा ठेवा आहे. त्याला उत्पन्नाचे साधन मानण्यातच फसगत आहे.