पाण्यातला महाल

नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जाणे झाले की आम्ही फराहबागेत एक चक्कर मारतोच. मोठ्या तळ्याच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी, दुमजली महाल. मधल्या दालनावर उंच घुमट. एकेकाळी चहूबाजूंनी पाणी असायचे. आता ते पाणी राहिले नाही आणि भिंतींचा गिलावाही उडाला आहे.

मलकापूरच्या वाचकांना वाटेल, त्याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. १५७४ साली मुर्तजा निजामशाह पहिला याने एलिचपूरची इमादशाही संपवली आणि आपला वऱ्हाड नगरच्या राज्यात गेला. हा महाल त्याच मुर्तजाच्या कारकिर्दीतला. आधीचे बांधकाम पसंत न पडल्याने पाडले गेले आणि वजीर सलाबतखानाने १५८३ मध्ये आजचा महाल पुरा केला. नगरला सहलीला गेल्यावर 'चांदबिबीचा महाल' म्हणून जी डोंगरावरची इमारत दाखवतात, ती खरे तर याच सलाबतखानाची कबर आहे.

मुर्तजा माणसांत रमत नसे. वर्षानुवर्षे तो बागांत आणि महालांत एकटा राहिला. कारभार वजिरांवर सोडलेला. लोक त्याला 'दीवाना' म्हणू लागले. या महालात तो दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसे, असे सांगतात. सभोवती पाणी होते, पण धोका घरातच होता. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच त्याचा जीव घेतला.

चांदबिबी ही याच मुर्तजाची सख्खी बहीण. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा दिला आणि सुरुंगाने तट उडवला, तेव्हा ती हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. पुढे १५९६ च्या तहात नगर वाचवण्यासाठी तिला वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. त्यात आपला हा मुलूखही गेला. भावाने मिळवलेला वऱ्हाड बावीस वर्षांत गेला, पण बहिणीचे नाव आजही घराघरांत घेतले जाते.

यात आपल्यासाठी इबरत आहे. आपल्याकडे महाल नाहीत, पण घरातला कर्ता दार लावून, हातात मोबाइल धरून बसला की त्याच्याभोवतीही तळे तयार होते. मुलगा काय करतो, मुलीच्या मनात काय आहे, हे त्याला शेवटी कळते. कुरआनने मोमिनांची एक ओळख सांगितली आहे : ते आपली कामे आपसांत मश्वरा करून करतात. तो मश्वरा आधी घरातल्या दस्तरख्वानावर व्हायला हवा.

मुलांना फराहबाग जरूर दाखवा. सोबत भावाची आणि बहिणीची, दोघांचीही गोष्ट सांगा.