आधी मदरबोर्ड, शेवटी ग्राफिक्स कार्ड

पन्नास-साठ हजारांत घरी असेंबल्ड कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं की चर्चा सुरू होते ती ग्राफिक्स कार्डापासून, नाहीतर ‘आय७ पाहिजेच’ इथून. या दोन वस्तूंनी बजेटचा मोठा वाटा खाल्ला की उरलेल्यात मदरबोर्ड, त्यातून उरलं तर रॅम, आणि एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटबरोबर येईल तो. लॅमिंग्टन रोडवरून असो की आपल्या गावातल्या दुकानातून, हाती येणारं कोटेशनही बहुधा याच मनोवृत्तीला धरून असतं. प्रोसेसरचं नाव पूर्ण, ग्राफिक्स कार्डाचं नाव पूर्ण. मदरबोर्डपुढे मात्र नुसतं ‘एच६१०’ आणि एसएमपीएसपुढे नुसतं ‘४५० वॉट’. माझं म्हणणं असं आहे की बजेट जितकं तोकडं, तितका हा क्रम उलटा लावला पाहिजे. मोठ्या बजेटवाल्याची एखादी निवड चुकली तर तो ती वस्तू बदलून घेतो. पन्नास हजारवाल्याचे पैसे वस्तूंच्या किमतीत जात नाहीत, ते जातात एक वस्तू दुसरीला जिथे जोडली जाते तिथे.

आपल्याकडे कंपॅटिबल म्हणजे ‘बसतं का’ एवढंच विचारलं जातं. बसणं पुरेसं नाही, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा इंटेलनेच दिला आहे. २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीचा सॉकेट एलजीए ११५१ होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिचाही सॉकेट एलजीए ११५१च. पिनांची संख्या तीच, आकार तोच. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर अधिकृतपणे चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच बोर्ड लागतो. एएमडीने नेमकं उलट केलं. मार्च २०१७ मध्ये पहिल्या रायझनसोबत आलेल्या एएम४ बोर्डांपैकी अनेकांवर २०२२ मध्ये रायझन ५००० मालिका चालू लागली. मात्र बायोस अपडेट केल्यावरच. दुकानाच्या फळीवर बरेच दिवस पडून असलेला बी४५० बोर्ड आणि नवाकोरा रायझन ५ ५६०० एकत्र बसवला, तर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळीच राहील. दोन्ही वस्तू ठणठणीत असतात, पण जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखता येत नाही. म्हणून मदरबोर्ड कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची प्रोसेसर-यादी उघडून पाहायची. प्रत्येक प्रोसेसरपुढे किमान कुठली बायोस आवृत्ती लागते ते तिथे दिलेलं असतं. दुकानदाराला तोच आकडा विचारायचा, आणि आवृत्ती जुनी असेल तर बोर्ड हातात घेण्याआधी अपडेट करून मागायचा.

याहून घातक प्रकार म्हणजे सगळं चालतं, पण पुरेपूर चालत नाही. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बजेटवाल्यांसाठीच होतं. त्याची मेमरी चार जीबी, आणि बोर्डाशी बोलायला पीसीआयई ४.० च्या फक्त चार लेन. आता बजेटमधला बोर्ड म्हणून ए५२० घेतला, तर तो पीसीआयई ३.० वरच चालतो. म्हणजे आधीच अरुंद असलेली वाट निम्मी होते. बोर्ड बी५५० घेऊन त्यावर रायझन ५ ५६००जी बसवला तरी तेच, कारण तो प्रोसेसरच ३.० पुरता आहे. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसतं, चित्र येतं, कुठेही एरर नाही. पण गेमचा डेटा चार जीबीत मावेनासा झाला की तो त्या निम्म्या वाटेने मुख्य रॅमकडे ये-जा करू लागतो आणि खेळ अडखळतो. म्हणजे स्वस्त बोर्डाची सर्वांत जास्त झळ स्वस्त कार्डालाच बसते. रॅमचंही तसंच. वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता ५६००जीवर काम भागवायचं असेल, तर सोळा जीबीच्या एका काडीपेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, कारण आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमवरच जगतं आणि दोन चॅनल मिळाले तरच त्याला श्वास घेता येतो. आणि हो, आय५-१२४००एफ मधल्या त्या शेवटच्या ‘एफ’चा अर्थ आत ग्राफिक्स नाही असा आहे. ‘कार्ड पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्याने तो घेतला तर वर्षभर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

एसएमपीएसवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण तिथली काटकसर बाकीच्या सगळ्या वस्तू धोक्यात घालते. त्याच्या कुशीवरचं लेबल वाचायला शिकलं पाहिजे. वर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेलं असतं; खाली तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधायचा. समजा तिथे १८ अँपिअर आहे, तर बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच रकान्यातून घेतात. आय५-१२४००एफ जोरात चालताना ११७ वॉटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०६० ११५ वॉट घेतं, बेरीज २३२. म्हणजे पंखे आणि एसएसडी मोजायच्या आधीच ‘४५० वॉट’ संपले. याच कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॉटचा सप्लाय सुचवते, आणि तेवढा चांगल्या कंपनीचा घेतला तर ७५० वॉटवर पैसे घालवायची काही गरज नाही. खोक्यावरचा ‘८० प्लस’ शिक्का उपयोगाचा आहे, पण २००४ पासून चालत आलेली ती चाचणी कार्यक्षमतेची आहे, आणि ती साधारण २३ अंश तापमानाच्या खोलीत होते. मे महिन्यातल्या अकोल्यातली खोली, गेलेली वीज दणक्यात परत येणं, याबद्दल तो शिक्का काहीच सांगत नाही. ओव्हर-व्होल्टेज आणि शॉर्ट-सर्किट संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची आहे, हे वेगळं पाहावं लागतं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मदरबोर्डावर पैसे कशाला. अपग्रेड कोण करतो, पाच वर्षांनी सगळं नवंच घेतात. ज्यांच्याकडे पाच वर्षांनी एकरकमी पैसे असतील त्यांच्यापुरतं ते खरं आहे. पण बजेटवाला माणूस हप्त्याहप्त्याने कॉम्प्युटर पूर्ण करतो: यंदा आतल्या ग्राफिक्सवर भागवेल, नोकरी लागल्यावर कार्ड घेईल. रॅमचे दोनच स्लॉट आणि दुबळा वीजपुरवठा असलेला बोर्ड ही वाटच बंद करतो. शिवाय भाव आपल्या सोयीने चालत नाहीत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमच्या किमती भडकल्या. अशा वेळी जुन्या मशीनमधली सोळा जीबी डीडीआर४ ही घरातली ठेव ठरते, आणि कुठला प्लॅटफॉर्म घ्यायचा हे तीच ठरवते. एएम५ फक्त डीडीआर५ घेतो, एएम४ फक्त डीडीआर४. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे मॉडेलचं पूर्ण नाव वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. दोन्ही रॅमना पिना २८८च, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलं तर स्लॉट तुटतो.

दुसरा आक्षेप ‘वीस हजारांत आय७’ या जाहिरातींचा. तो आय७ बहुधा तिसऱ्या पिढीचा असतो. २०१२ चा आय७-३७७० आणि २०२२ चा आय३-१२१००, दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड. पण वेगात तो आय३ स्पष्टपणे पुढे आहे. इंटेलमध्ये विंडोज ११ ची अधिकृत यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स त्यावर छान चालेल, आणि घरात असं मशीन असेल तर ते जरूर वापरावं. पण बँकेचे व्यवहार आणि टॅली ज्यावर करायचंय, त्यासाठी नव्याने पैसे मोजून तो प्लॅटफॉर्म विकत घेणं मला पटत नाही.

उरला ब्रँडेडचा मुद्दा. फक्त टॅली, एक्सेल आणि ऑनलाइन अर्ज एवढंच काम असेल तर एकाच वॉरंटीचं ब्रँडेड मशीन घ्यावं, त्यात वाद नाही. मात्र अनेक ऑफिस मशीनमध्ये सप्लाय आणि बोर्ड कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात, त्यामुळे मुलाला पुढे थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग शिकायचं झालं तर कार्ड जोडायला ना जागा असते ना जोडणी. असेंबल्ड घेणाऱ्याने वॉरंटीची जबाबदारी स्वतः उचलायची असते, आणि ती कोटेशनपासूनच सुरू होते. ‘एच६१०’ हे चिपसेटचं नाव झालं. बोर्डाचं पूर्ण मॉडेल, रॅमचा प्रकार आणि काड्या किती, एसएमपीएसची कंपनी आणि मॉडेल, प्रोसेसर खोक्यातला की ट्रेमधला, हे सगळं लेखी मागावं. ट्रेमधला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण तो बिघडला तर दाद कंपनीकडे नाही, विकणाऱ्याकडेच मागावी लागते. जीएसटीच्या बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्यावा, आणि खोकी किमान वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावीत.