आधी खरवडा, मग रंगवा!

खंडेनवमीला गाडी धुतली, हळद-कुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. स्टेटसही टाकून झालं असेल. आता हार सुकलाय, तर एकदा गाडीशेजारी खाली बसा आणि सायलेन्सरच्या पोटाखालून हात फिरवा. (गाडी थंड असताना, बरं का!) हाताला तांबूस भुकटी लागली, तर पावसाळ्यानं आपला हिशेब तिथं मांडून ठेवलाय असं समजा.

कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क भागातल्या कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. पण ज्या गाडीनं पूर बघितलाच नाही, तिचाही सायलेन्सर सडतो; आणि बरेचदा आतून. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर! एरवी ते वाफ होऊन निघून जातं. पण मंगळवार पेठेतून दसरा चौक, दोन लेक्चर आणि परत घर, एवढ्याशा फेरीत सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होतं आणि तळाशी बसून राहतं. म्हणूनच बऱ्याच सायलेन्सरना खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बिघाड नव्हे, पाणी जायची वाट आहे. रंगवताना ते बुजवू नका.

आता रंगाकडे धावायची घाई असते, ती जरा आवरा. मी कॉलेजात असताना थेट गंजावरच चंदेरी रंग फासला होता. गाडी दोन दिवस नवरीसारखी दिसली. आठव्या दिवशी पापुद्रे उडाले आणि खालून तोच गंज. दोन चुका होत्या. एक म्हणजे साधा ऑइल पेंट सायलेन्सरच्या उष्णतेत टिकत नाही, पोळून सुटतो. आणि दुसरी मोठी चूक म्हणजे गंज काढलाच नव्हता.

तर आधी परीक्षा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं गंजलेल्या जागी टकटक करा, मग टोकानं दाबून बघा. खणखणीत वाजलं आणि टोक रुतलं नाही, तर काम घरचं आहे. भद्द आवाज आला किंवा टोक आत गेलं, तर पत्रा संपलाय. तिथं रंग उपयोगाचा नाही. सरळ उद्यमनगरची वाट धरा, वेल्डिंगवाल्याला दाखवा. ज्या गावानं लोखंड ओतून नाव कमावलं, तिथं एक पॅच मारणारा सापडणार नाही होय?

पत्रा शाबूत असेल तर रविवारची सकाळ काढा. गच्ची किंवा मोकळं अंगण हवं. सायलेन्सर खोलता आला तर उत्तमच. पण इंजिनाकडचे नट गंजून बसलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. सकाळीही हलले नाहीत तर जोर लावू नका, स्टड तुटला की खर्च इंजिनापर्यंत जातो. मग सायलेन्सर गाडीवरच ठेवून टायर, ब्रेक, इंजिन सगळं वर्तमानपत्रानं झाका. (वाचून झालेल्या!) ब्रेकच्या डिस्कवर रंगाचा थेंबही उडता कामा नये.

तारेच्या ब्रशनं खरवडा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी २२० चा. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. खळग्यातला गंज निघत नसेल तर फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर मिळतं. हातमोजे घालून लावा, धुवा आणि लगेच कोरडं करा, कारण उघडं लोखंड काही तासांत पुन्हा तांबूस होतं. थिनरच्या फडक्यानं तेलकटपणा पुसला की मग त्या जागेला हात लावायचा नाही. बोटाचा तेलकटपणाही रंगाला पुरतो.

रंग ६०० अंश सोसणारा, उष्णतारोधक म्हणून मिळतो तोच घ्या. डबा हलवा, अंतर ठेवा, पातळ हात मारा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. ओघळ आला की फसलं. खाली साधा रेड ऑक्साइड नको, तो तापला की वरचा रंगही घेऊन सुटतो. बीएस-६ गाडीला एक्झॉस्टवर वायर असलेला ऑक्सिजन सेन्सर असतो, तोही झाकून ठेवा. बुलेटसारखा क्रोमचा सायलेन्सर असेल तर मात्र पॉलिश पेपर नकोच. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हातानं घासा.

रंग वाळला म्हणजे झालं, असं नाही. तो भाजावा लागतो. दुसऱ्या दिवशी सायलेन्सर बसवून इंजिन दहा मिनिटं सुरू ठेवा, पूर्ण थंड होऊ द्या, मग वीस मिनिटं. थोडा धूर, वास येईल. हे उघड्यावरच करा. बंद पार्किंगमध्ये तो धूर जीवघेणा ठरू शकतो.

भोक पडलंच आहे तर जाळ काढणारा बसवू, असा सल्ला कट्ट्यावर मिळेलच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये त्याला १० हजारांपर्यंत दंड आहे, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. आणि दुसरा सल्ला, ‘वरून रंग मार आणि विकून टाक’, तो त्याहून वाईट. ती गाडी घेणारा बहुतेक तुमच्यासारखाच कुणीतरी असतो, पहिल्या वर्षाला आलेला, घरून मोजून पैसे आणलेला. पत्रा गेलेला असेल तर त्याला वाकून दाखवा आणि तेवढे पैसे कमी घ्या.

रंग बसला की पंधरा दिवसांतून एकदा गाडी लांब न्या, म्हणजे आतलं पाणी तापून निघून जाईल. ‘पन्हाळ्याला कशाला चाललास?’ असं घरी विचारलं तर ‘सायलेन्सर वाळवायला’ म्हणून सांगा. विश्वास बसणार नाही, पण उत्तर शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे.