मासा कोणी वाढवला, यालाही गुण हवेत

भिवंडीत मासे पाळायचे तर आधी पाण्याची तजवीज करावी लागते. शहराला स्टेम प्राधिकरणाकडून आणि मुंबई महापालिकेकडून पाणी मिळते. मुंबईकडे जाणाऱ्या पाण्याची पिसे आणि पांजरापूरची मोठी यंत्रणाही याच तालुक्यात आहे. तरी घरातल्या नळाला पाणी ठरावीक वेळीच येते आणि त्यात क्लोरीन असतो. म्हणून शौकिनाच्या घरी एक पिंप फक्त माशांसाठी राखलेले असते. भरलेले पाणी दिवसभर उघडे ठेवायचे, घाई असेल तर अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे आणि मगच ते टाकीत ओतायचे. यंत्रमागाची पाळी, गोदामातली हजेरी किंवा कॉलेज सांभाळून हे वर्षानुवर्षे करणाऱ्या माणसाला मासे पाळण्याच्या स्पर्धेत किती गुण मिळतात? सध्याच्या तक्त्यांत या कष्टासाठी स्वतंत्र रकानाच नाही. तो असावा, हे या लेखाचे म्हणणे आहे.

स्पर्धेत चालतो असा बेटा, म्हणजे आपल्याकडचा ‘फायटर’, घरी तयार करायला काय लागते ते पाहा. नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. जोडी जमली की मादीची अंडी तोंडाने वेचून घरट्यात चिकटवतो आणि मग मादीला जवळ फिरकू देत नाही. तिला लगेच बाहेर काढावे लागते. दीडदोन दिवसांत पिल्ले फुटतात, आणखी दोनतीन दिवसांत आडवी पोहू लागतात. तेव्हा ती इतकी बारीक असतात की दुकानातली पावडर त्यांच्या तोंडात जात नाही. आधी इन्फ्युसोरिया आणि मग आर्टेमिया लागतो. आर्टेमियासाठी मिठाच्या पाण्यात बाटली लावायची, तळातून हवा सोडायची, एक दिवस थांबायचे, मग प्रकाशाकडे जमलेले नारिंगी जीव गाळणीत धरून गोड्या पाण्यात धुवायचे. हे रोज. दोनअडीच महिन्यांत नर एकमेकांचे पंख फाडू लागतात, म्हणजे प्रत्येकाला वेगळी बरणी. एका विणीत शंभरावर पिल्ले जगली तर दहा बाय बाराच्या खोलीत बरण्यांची भिंत उभी राहते आणि प्रत्येक बरणीचे पाणी हाताने बदलावे लागते. त्या भिंतीतून स्पर्धेला न्यावेत असे नर निघतात चारपाच.

त्याच स्पर्धेत शेजारच्या बरणीत थायलंडहून मागवलेला तयार नर असतो. थायलंडने 2019 साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली ती कला आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. पण कौतुक त्या थाई पैदासकाराचे व्हायला हवे. बरण्यांमधला पुठ्ठा काढला की दोन्ही नर फुलारतात, परीक्षक पंखांचा पसारा पाहतो, आकडे मांडतो आणि करंडक जातो तो विमानाचे भाडे भरणाऱ्याच्या घरी.

यात परीक्षकाची चूक नाही. त्याच्या हातात जो तक्ता दिलेला असतो त्यानेच तो चालतो. ब्रिटनमधल्या मत्स्यशौकिनांच्या महासंघाचा, म्हणजे फेडरेशन ऑफ ब्रिटिश अक्वाटिक सोसायटीजचा तक्ता जगभर माहीत आहे. त्यात शंभर गुणांचे पाच सारखे वाटे आहेत: आकारमान 20, शरीर 20, पंख 20, रंग 20 आणि तब्येत व वागणूक 20. बेटासाठी 1966 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बेटा काँग्रेसची रीत वेगळी. तिथे आदर्श मासा डोळ्यांपुढे ठेवून दोष मोजतात; किरकोळ दोषापासून थेट बाद करणाऱ्या दोषापर्यंत पायऱ्या आहेत. दोन्ही रीती विचारपूर्वक घडवलेल्या आहेत. पण दोन्हींत टेबलावरचा मासा पाहायचा असतो, तो तिथवर कसा आला हे विचारायचे नसते.

ब्रिटिश तक्त्यातल्या पहिल्या रकान्याकडे जरा थांबून पाहायला हवे. आकारमानाचे 20 गुण म्हणजे ती जात जेवढी वाढू शकते तेवढी वाढली आहे की नाही याचे गुण. ब्रिटनमध्ये याला अर्थ होता: पूर्ण वाढलेला मासा म्हणजे नीट सांभाळलेला मासा. पण पूर्ण वाढीला मोठी टाकी लागते, मुबलक पाणी लागते, वय लागते. दोन फुटांच्या टाकीत आणि मोजक्या पाण्यात मासा निरोगी राहतो, विणतो, सुंदरही होतो, पण कमाल लांबी गाठेलच असे नाही. उलट पूर्ण वाढलेला मासा विकत आणला की हे 20 गुण पहिल्याच दिवशी खिशात पडतात. भिवंडीसारख्या दाटीवाटीच्या गावातल्या शौकिनाला हा रकाना सुरुवातीलाच मागे टाकतो.

म्हणून सूचना साधी आहे. आकारमानाला वेगळे गुण देणे बंद करावे. जातीनुसार किमान लांबीची अट घालावी. ती पुरी झाली की मासा पात्र. मोकळे झालेले 20 गुण स्वतःच्या पैदाशीला द्यावेत.

गुण बदलले की मासेही बदलतात. जपानच्या ताकाशी अमानो यांच्या कंपनीने 2001 पासून पाणवनस्पतींच्या मांडणीची जागतिक स्पर्धा सुरू केली. तिच्या तक्त्यात बरीच वर्षे शंभरातले 50 गुण एकाच गोष्टीला होते: माशांचा नैसर्गिक अधिवास किती खरा उतरला आहे. नुसत्या देखणेपणाला अर्धे गुण ठेवले असते तर टाक्या वेगळ्याच घडल्या असत्या. बेटामध्ये याची दुसरी बाजू दिसते. हाफमून जातीच्या नराची शेपटी 180 अंशांत उघडली पाहिजे, हा निकष आला आणि पैदासकार त्यामागे लागले. शेपटीच्या काड्यांना अधिकाधिक फाटे फुटत गेले आणि त्यातून ‘रोझटेल’ प्रकार आला. तो फोटोत फुलासारखा दिसतो, पण पंखांच्या भाराने त्याला धड पोहता येत नाही. असे नर अनेकदा स्वतःचीच शेपटी चावून टाकतात. शेवटी काड्यांची ही अती फूट दोष म्हणून धरावी लागली.

आपल्या देशातले सगळ्यात बोलके उदाहरण पश्चिम घाटातले आहे. केरळ-कर्नाटकातल्या ओढ्यांमधला डेनिसन बार्ब, ज्याला व्यापारी ‘मिस केरळ’ म्हणतात, 1997 साली सिंगापूरच्या अक्वारामा प्रदर्शनात गेला आणि नव्या जातींच्या गटात तिसरा आला. तांबडा आणि काळा पट्टा असलेला हा मासा जगाच्या डोळ्यांत भरला. पुढची मागणी सुरुवातीला कोणी प्रजननकेंद्रात पुरवली नाही. ती जाळे टाकून ओढ्यातून पुरवली गेली. केरळ सरकारने 2008 साली पकडण्यावर बंधने घातली, पण बंदीचे महिने आणि माशाच्या विणीचे महिने नीट जुळत नव्हते. आज तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. परीक्षकांनी त्या दिवशी त्याला बक्षीस देऊन काही गुन्हा केला नव्हता. पण ‘हा मासा पैदास केलेला आहे का?’ हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात असता, तर बक्षिसाचा रोख प्रजननाकडे वळला असता.

महाराष्ट्रालाही हे दूरचे नाही. झेब्रा लोच म्हणजे बोटिया स्ट्रायटा हा पट्टेरी मासा महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या घाटातल्या नद्यांखेरीज जगात कुठे सापडत नाही, आणि तोही धोक्यातला आहे. राजीव राघवन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2005 ते 2012 या काळात भारतातून धोक्यातल्या 30 जातींचे पंधरा लाखांहून जास्त गोड्या पाण्यातले मासे शोभेसाठी निर्यात झाले. सर्वाधिक गेलेल्या जातींत मिस केरळ होता आणि आपला झेब्रा लोचही होता. उद्या एखाद्या क्लबने उत्साहाने ‘देशी मासा’ असा गट काढला आणि पैदाशीची अट घातली नाही, तर तो गट नदी रिकामी करायचेच काम करील. देशी माशाला जादा गुण जरूर द्यावेत, पण घरी जन्मलेल्यालाच.

अशा गुणांचा अनुभव जगात जुना आहे. युरोपातल्या गप्पीच्या स्पर्धांमध्ये तीन नरांचा संच मांडतात आणि तिघे एकमेकांशी किती जुळतात हे पाहतात. एखादा अप्रतिम नर बाजारात मिळू शकतो. एकाच साच्यातले तीन भाऊ मिळवायचे तर बहुधा स्वतःची पैदासच लागते. अमेरिकेतल्या अनेक क्लबांत पैदास पुरस्कार योजना चालते. कोणती जात विणवली, ती किती अवघड, यावर गुण ठरतात. पिल्ले ठरावीक वयाची झाली की सभासदांपुढे आणावी लागतात. 2004 साली सुरू झालेल्या केअर्स उपक्रमाने धोक्यातल्या जातींची यादी केली आणि अनेक क्लब त्या यादीतल्या माशाच्या पैदाशीला जादा गुण देऊ लागले.

आक्षेप येणार, आणि पहिला येणार खोटेपणाचा. विकत आणलेला मासा ‘घरचा’ म्हणून कोणीही सांगेल. त्यावर इलाज आहे. वीण झाल्यावर आठवडाभरात क्लबकडे तारीख आणि घरट्याचा फोटो नोंदवायचा, महिन्याभराने पिल्लांचा फोटो द्यायचा, जवळ राहणाऱ्या एका सभासदाने येऊन पाहून जायचे आणि स्पर्धेला मुख्य माशाबरोबर त्याच विणीतले दोन भाऊ आणायचे. यातून एखादा लबाड सुटेलही. आज मात्र लबाडी करायची गरजच नाही, कारण कोणी विचारतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे. नवा शौकीन सुरुवात विकतच्याच माशापासून करतो. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारातून ऑक्सिजन भरलेली पिशवी छातीशी धरून भिवंडीपर्यंत आणतो. त्याला दार बंद करायचे का? मुळीच नाही. खुला गट ठेवावा, त्यात मासा कुठूनही आणलेला चालावा, त्याला बक्षीसही असावे. पण वर्षाचा मानकरी ठरवताना स्वतःच्या पैदाशीच्या गटातलेच गुण धरावेत.

वर्षाच्या बेरजेचा हिशेबही दुरुस्त करण्याजोगा आहे. समजा, पहिल्याला 10, दुसऱ्याला 6, तिसऱ्याला 3 गुण आहेत. तीन ठिकाणी जाऊन तिन्हीकडे पहिला आलेल्याचे 30 होतात; दहा ठिकाणी फिरून दहाही वेळा तिसरा आलेल्याचेही 30. ज्याच्याकडे गाडी, सुट्टी आणि पैसा आहे त्याला ही बेरीज वर नेते. प्रत्येकाच्या उत्तम तीन निकालांचीच बेरीज करावी. शिवाय दोनच मासे उतरलेल्या गटातल्या पहिल्या नंबराला आणि तीस उतरलेल्या गटातल्या पहिल्या नंबराला सारखेच गुण देणे बरोबर नाही.

तब्येतीच्या बाबतीत तर गुणांची भाषाच सोडावी. पंखांवर बुरशी, अंगावर पांढरे ठिपके किंवा धापा असलेला मासा टेबलावर येताच बाद व्हावा. सुईने रंग टोचलेला ग्लासफिश कुठे दिसला तर मालकाचे सगळेच प्रवेश रद्द करावेत. नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे; माशांच्या तब्येतीसाठी तो बदलता येतो. कोईच्या प्रदर्शनांत जपानी पद्धतीने सगळ्यांचे मासे एकाच हौदात मांडतात, पण कोई हर्पीस विषाणूची धास्ती पसरली तेव्हा इतरत्र अनेक आयोजकांनी प्रत्येक मालकाला वेगळा हौद देण्याची पद्धत धरली.

सरकारचे धोरण आधीच पैदाशीच्या बाजूने आहे. 2020 साली जाहीर झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनासाठी तीन लाखांचा प्रकल्प खर्च धरून सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के साहाय्य ठेवले आहे. पैदासकार तयार व्हावेत म्हणून सरकार पैसे देते आणि स्पर्धा मात्र खरेदीदाराला करंडक देतात, ही विसंगती दूर करणे क्लबांच्या हातात आहे. परीक्षक घडवायलाही लांब जायला नको: वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे.

सगळा तक्ता एका हंगामात बदलायची गरज नाही. ठाणे जिल्ह्यातल्या एखाद्या क्लबने येत्या हिवाळ्यात बेटा आणि गप्पी या दोनच जातींसाठी ‘स्वतःची पैदास’ असा एक गट काढून पाहावा. प्रवेशशुल्क खुल्या गटाच्या निम्मे ठेवावे. विणीची नोंद पावसाळ्यातच सुरू करावी, म्हणजे पिल्लांना वाढायला चारसहा महिने मिळतील. आणि प्रत्येक बरणीवर माशाच्या नावाखाली दोन ओळी छापाव्यात: विणीची तारीख आणि पैदास करणाऱ्याचे गाव.