अपडेट करू का, सर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओपीडी संपत आली होती, तरी बाहेर पंधरा-वीस जण उभे होतेच. आमच्या प्रयोगशाळेतले एक तंत्रज्ञ दारातून डोकावले. हातातला फोन पुढे करून म्हणाले, ‘‘सर, दोन दिवस झाले, हा अपडेट करा, अपडेट करा म्हणतोय. करू का?’’ समोरच्या केसपेपरवरून मान वर न करता मी म्हणालो, ‘‘करा की. त्यात काय विचारायचं?’’

तिसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. रात्रभर झोप नसल्याचे चेहऱ्यावर दिसत होते.

त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलीला नवव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. दिवसातून चार वेळा इन्सुलिन. वर्षभरापूर्वी घरचे इतर खर्च आवरून त्यांनी तिच्या दंडावर साखरेचा सेन्सर लावायला सुरुवात केली. नाण्याएवढी चकती असते. तिचा बारीक तंतू त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजतो आणि चकती तो आकडा ब्लूटूथने फोनला कळवते. साखर ७०च्या खाली उतरली की फोन कर्कश ओरडतो. हा फोन रात्री आईच्या उशाशी असतो. सेन्सर येईपर्यंत ती माउली रोज रात्री अडीचला उठून मुलीच्या बोटाला सुई टोचत होती. सेन्सर आला आणि ती सलग झोपू लागली.

अपडेट केल्यानंतरच्या दुसऱ्या रात्री फोन ओरडला नाही. आईला जाग आली ती जुन्या सवयीने. मुलगी घामाने भिजलेली, काहीतरी असंबद्ध बोलत होती. बोटाच्या रक्तावर साखर ४६ भरली. गिळता येत होते म्हणून साखरेचे पाणी पाजता आले, आणि वीस मिनिटांत पोर ताळ्यावर आली. मग फोन पाहिला. पडद्यावर पावणेदोनपासूनचे ‘साखर कमी’चे संदेश एकाखाली एक मुकाट उभे होते. आवाज तेवढा नव्हता. अपडेटनंतर त्या ॲपला रात्रीची शांतता मोडून वाजण्याची परवानगी पुन्हा द्यायला हवी होती. ते घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते.

त्यांनी मला बोल लावला नाही. ‘‘तुम्हाला विचारलं होतं म्हणून सांगायला आलो,’’ एवढेच म्हणाले. बोल लावला असता तर बरे वाटले असते.

आता माझ्या त्या बेफिकीर उत्तराबद्दल. ते अगदीच अडाणीपणाचे नव्हते. अपडेट लांबवू नये, हे माझे मत २०१७ साली पक्के झाले. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधल्या २३६ रुग्णालय-ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना त्याची झळ बसली, आणि अंदाजे १९ हजार अपॉइंटमेंट रद्द झाल्या. त्या व्हायरसला जी फट सापडली ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. फुकट होते, दोन महिने पडून होते. बाधित संगणकांपैकी बहुतेक विंडोज ७चे, म्हणजे अपडेट मिळू शकणारेच होते. ते कोणी बसवले नव्हते, इतकेच.

शिवाय अपडेट जाहीर होते तेव्हा फट कुठे होती हे चोरांनाही कळते. त्यामुळे अपडेट आल्यानंतरचे आठवडे हे अपडेट न केलेल्यांसाठी आधीपेक्षा जास्त धोक्याचे असतात. साथीच्या दिवसांत लस घरी आणून फ्रीजमध्ये ठेवण्यासारखा हा प्रकार आहे. आणि आमच्यासारख्या सरकारी रुग्णालयात फोन म्हणजे काय काय असते ते सांगायला नको. मध्यरात्री निवासी डॉक्टर ईसीजी फोनवरच पाठवतात, एक्स-रे फोनवरच पाहिला जातो. रुग्णाचे नाव, वय, आजार सगळे त्या खिशात. असा फोन दोन-दोन वर्षे अपडेटविना फिरवणे मला अजूनही गैर वाटते.

मग लोक वाट का बघतात? काही वेळा ती त्यांच्या हातात नसते म्हणून. अमेरिकेत पुष्कळ लोक फोन मोबाइल कंपनीकडूनच हप्त्यांवर घेतात. तिथे अँड्रॉइड फोनचे अपडेट गूगलकडून फोन बनवणाऱ्याकडे, तिथून मोबाइल कंपनीकडे आणि तिच्या चाचण्या संपल्यावर ग्राहकाकडे असा प्रवास करते. एकच फोन, पण एका कंपनीच्या ग्राहकाला अपडेट आज मिळते आणि दुसरीच्या ग्राहकाला काही आठवड्यांनी, असे तिथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. ॲपलने मात्र आपले अपडेट पहिल्यापासून स्वतःच्या हातात ठेवले. आपल्याकडे फोन बहुधा दुकानातून येतो, सिमकार्ड वेगळे. त्यामुळे मोबाइल कंपनीचा अडसर कमी, पण वाट बघणे आहेच. १ ऑक्टोबर २०२२ला देशात फाइव्ह-जी सुरू झाले तेव्हा फाइव्ह-जीचे महागडे फोन हातात घेऊन कितीतरी जण अपडेटची वाट बघत बसले होते. आयफोनवाल्यांना ते डिसेंबरात मिळाले.

फोन बनवणारेही अपडेट सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी थोड्यांना देतात, तक्रारी येतात का पाहतात, मग हळूहळू बाकीच्यांना. नवे औषध बाजारात आल्यावर त्याच्या दुष्परिणामांवर आम्ही नजर ठेवतो, तसेच हे. फरक एवढाच, की पहिल्या फळीत आपला नंबर लागला आहे हे फोनवाल्याला कोणी सांगत नाही.

या वाट बघण्याला कंटाळलेला एक वर्ग आहे, आमचा भाचा त्यातला. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात त्याने कुठूनशी फाइल उतरवून, फोनचे कुलूप उघडून नवे अँड्रॉइड स्वतः चढवले. कुलूप उघडताना फोनमधले सगळे पुसले गेले, त्यात आमच्या ताईचे काशी-यात्रेचे फोटोही गेले. पुढे बँकेचे ॲप त्या फोनवर चालेना. ताई अजून त्याला ऐकवते. माझ्या लेखी हे शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेण्यासारखे आहे. व्हॉट्सॲपवर लिंक येते आणि ‘अपडेट करा’ म्हणते, ती तर गोळीसुद्धा नाही, सरळ विष.

एवढे लिहून थांबलो असतो तर प्रश्न सोपा होता. पण स्वतःच करण्याचे एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि ते नेमके मधुमेहातलेच आहे.

डेना लुईस ही अमेरिकेतली टाइप वन मधुमेहाची रुग्ण. ती एकटी राहायची आणि झोप गाढ. २०१३ साली तिची अडचण अगदी साधी होती. साखर उतरली की तिचा सेन्सर वाजायचा, पण त्या आवाजाने तिला जाग येत नसे. उत्पादकांनी आवाज वाढवून द्यावा म्हणून वाट बघणे तिने सोडले. दुसऱ्या एका रुग्ण मुलाच्या वडिलांनी सेन्सरमधून आकडे बाहेर काढायची युक्ती शोधली होती. ती घेऊन तिने आणि तिच्या जोडीदाराने मोठा गजर स्वतःच तयार केला. त्यातूनच पुढे २०१५मध्ये इन्सुलिन पंपाला आपोआप हुकूम देणारी खुली प्रणाली जगापुढे आली. ‘आम्ही वाट बघत नाही’ ही या चळवळीची घोषणाच आहे. न्यूझीलंडमध्ये ९७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये प्रसिद्ध झाले. अशा खुल्या प्रणालीवरच्या रुग्णांची साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ इतरांपेक्षा रोज तीन तासांहून जास्त होता.

म्हणजे वाट न बघणारे बरोबर होते? काही अंशी हो. पण हे लोक काय बदलत आहेत ते ओळ न् ओळ जाणत होते, रात्रंदिवस एकमेकांचे आकडे तपासत होते. आणि २०१९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला तो अशाच जुळवलेल्या, मान्यता नसलेल्या साधनांबद्दल, कारण एका रुग्णाला इन्सुलिन जास्त जाऊन उपचार करावे लागले होते. आमच्या तंत्रज्ञांच्या घरी यातले काहीच नव्हते. त्यांनी तर अधिकृत अपडेट अधिकृत पद्धतीने केले होते. त्यांचे चुकले असेल तर एवढेच, की फोन बदलतोय म्हणजे मुलीच्या उपचारात बदल होतोय, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

उपचारातले अपडेट कसे करावे याचा एक चांगला नमुना आहे. २०१७ साली अमेरिकेत एका कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरमध्ये बाहेरून घुसखोरी होऊ शकेल अशी फट सापडली. अपडेट तयार झाले. पण ते घरबसल्या मिळाले नाही. त्यासाठी रुग्णालयात यायचे, तीनेक मिनिटांचे काम, आणि तेवढा वेळ पेसमेकर ठरावीक ६७च्या गतीवर चालणार. अपडेट फसण्याची शक्यता किती, ती आकड्यांत छापलेली. सरसकट सगळ्यांनी करावे असेही कोणी म्हटले नाही, डॉक्टरांशी बोलून ठरवा म्हटले. पेसमेकरवर पूर्णपणे अवलंबून असलेल्यांसाठी पर्यायी पेसिंग हाताशी असेल अशीच जागा निवडा, असेही सांगितले. याला म्हणतात संमती. त्याउलट फोनच्या पडद्यावर दोनच बटणे असतात, ‘आता’ आणि ‘आज रात्री’. मधुमेही मुलीच्या घरात ‘आज रात्री’ हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

माझ्या केसपेपरबाहेरही हे घडते आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने फोनला जोडलेल्या मधुमेहाच्या साधनांबद्दल सूचना काढली. फोनमधल्या बदलांमुळे गजर न वाजल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. नवे हेडफोन जोडणे, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लागणे आणि फोनची प्रणाली अपडेट होणे, ही त्यातली कारणे. स्वयंचलित अपडेट बंद ठेवा आणि साधनाच्या कंपनीने नवी प्रणाली चालते असे सांगितल्यावरच अपडेट करा, असा त्यांचा सल्ला आहे.

तेव्हा माझे मत मी दुरुस्त करतो आहे, उलटे करत नाही. ज्याच्या फोनवर बातम्या, बँक आणि नातवंडांचे फोटो आहेत त्याने सुरक्षेचे अपडेट आले की त्या आठवड्यात करून टाकावे. बीपीचे यंत्र फोनला जोडलेले असेल तरी काळजी नको, आकडा यंत्रावरही दिसतो. पण ज्या फोनचा गजर कोणाला तरी मध्यरात्री उठवणार आहे, तो फोन औषधांच्या कपाटातला समजावा. त्यावर स्वयंचलित अपडेट बंद. वर्षातून एकदा येणारे मोठे अपडेट, जे आमच्या तंत्रज्ञांच्या फोनवर आले होते, ते तर सेन्सरच्या कंपनीला विचारल्याशिवाय नाहीच. विचारून झाल्यावर करायचे तेही सुट्टीच्या दिवशी, सकाळी. नंतर ॲपच्या परवानग्या, बॅटरी वाचवण्याची सोय, आवाज सगळे एकदा पाहायचे. आणि गजर खरोखर वाजतो का हे कानाने ऐकायचे. त्याची सोपी युक्ती अशी: साखर जास्त झाल्याचा जो गजर असतो, त्याची मर्यादा तात्पुरती खाली आणायची, जेवण झाल्यावर तो वाजायला हवा. वाजला की मर्यादा पूर्ववत. कंपनीचा होकार महिनोन् महिने येत नसेल, तर जुना पण त्या ॲपला चालणारा फोन सेन्सरपुरता वेगळा काढावा. त्यात बँक नाही, मेल नाही, चोरण्यासारखे काही नाही.

यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. इन्सुलिन कुठे ठेवायचे, सुई कुठे टोचायची, जागा कशी बदलायची हे आम्ही घोकून घेतो. सेन्सर लिहून देताना ‘फोन कोणता, रात्री कोणाजवळ असतो, अपडेट कोण करतो’ हे मी आजवर एकाही पालकाला विचारले नव्हते. आता विचारतो. निवासी डॉक्टर गालातल्या गालात हसतात, सर मोबाइल दुरुस्तीत उतरले म्हणून. हसू देत.

तंत्रज्ञांनी कपाटातला जुना फोन बाहेर काढला आहे. सिमकार्ड नाही, फक्त सेन्सरचे ॲप. मागच्या आठवड्यात मुलगी तपासणीला आली तेव्हा तिने मला जेवणानंतरची ती गजराची परीक्षा स्वतः करून दाखवली, ओपीडीतले सगळे दचकले. सोबत आई होती. तिला विचारले, आता झोप लागते ना? म्हणाली, ‘‘लागते. पण अडीचचा चावीचा गजर मी पुन्हा लावलाय, डॉक्टर. तो कोणी अपडेट करत नाही.’’