दुबार नाव आणि बंद झोपडी

एका माणसाने दोनदा मत देणे ही लबाडी आहे, याविषयी सुज्ञांत दुमत असण्याचे कारण नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एकाच इसमाचे नाव दोन मतदारसंघांत नोंदण्यास मनाई केली, आणि १९५१ च्या कायद्याने अशा रीतीने दोन मतदारसंघांत दिलेली दोन्ही मते रद्द ठरविली. तेव्हा १ नोव्हेंबर २०२५ रोजी सदोष मतदारयाद्यांविरुद्ध मुंबईत मोर्चा निघाला, यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. आमचे भांडण आहे ते त्या निमित्ताने ज्याच्यात्याच्या तोंडी झालेल्या उपायाशी. सारखी नावे यंत्राने शोधावी आणि कापून टाकावी, म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांनी एकदा जव्हार-मोखाड्याचा घाट चढून यावे.

वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांच्या पाड्यांत आडनावे मोजकी, आणि मुलांस ठेवावयाची नावेही पिढ्यान्‌पिढ्या तीच. वृद्धांच्या जन्माची तिथी कोणी लिहून ठेविली नाही. वय अदमासाने घातलेले. अशा यादीत एकाच नावाचे, एकाच वयाचे, बापाचेही नाव एकच असलेले दोन इसम सापडले, तर ते दोन जिवंत माणसे असण्याचा संभव पुष्कळ आहे. यंत्रास ती एकच दिसतात, आणि यंत्राचा निकाल ग्राह्य मानला की त्यांतील एकाने आपण आहोत हे सिद्ध करीत कचेरीत खेटे घालावयाचे!

बरे, तो खेटे घालील तरी केव्हा? भात झोडून दिवाळी सरली की येथील कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. होळीस चार दिवस घरी येतात, आणि पावसाच्या तोंडी शेतीसाठी परततात. तात्पुरता बाहेर गेल्याने कोणाचे गावचे राहणे सुटत नाही, असे कलम २० स्पष्ट सांगते. नाव कमी करण्यापूर्वी त्या इसमास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे कलम २२ सांगते. कायदा चांगलाच आहे. पण नोटीस लागते ती बंद झोपडीच्या दारास, आणि झोपडीचा धनी असतो भट्टीवर. मुदतीत उत्तर आले नाही, सबब इसम खोटा, हा कोणता न्याय?

कोणी म्हणेल, हेच मजूर दोन्हीकडे नावे ठेवून दोन्हीकडे मते देत असतील. शक्य आहे. परंतु दोन ठिकाणी नाव राखण्यास दोन ठिकाणचे कागद लागतात. ते शहरात सदनिका आणि गावात जमीन असणाऱ्याजवळ असतात. भट्टीवरच्या पालात ते कोठून येणार? या माणसाचे नाव दोनदा असण्यापेक्षा एकदाही नसण्याची भीती आम्हांस अधिक वाटते.

नावे कापून यादी शुद्ध करण्याची किंमत या देशाने पूर्वी मोजलेली आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी अमक्याची आई, तमक्याची बायको अशीच नोंद झालेल्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळावी लागली. त्या स्त्रिया खोट्या नव्हत्या. नोंद अपुरी होती.

मग लबाडास मोकळे सोडावे काय? मुळीच नाही. त्यास बोटावर पकडावा. म्हैसूरच्या कारखान्यातील शाई १९६२ पासून हेच काम करीत आली आहे. ती नीट लावली जाते की नाही, यावर डोळा ठेवावा. २०२५ च्या अखेरीस नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यांत जव्हारही होते. त्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने संशयित नावापुढे दोन ताऱ्यांची खूण करून, मत कोणत्या केंद्रावर देणार हे मतदारास विचारण्याचे आणि हमीपत्र घेण्याचे ठरविले. ही रीत आम्हांस पसंत आहे. तीत नाव राहते आणि दुसरे मत अडते.

याहून खात्रीची परीक्षा पाड्यातच होते. ग्रामसभेत हात वर करून मत देताना कोणी दोन माणसांचे सोंग आणू म्हणेल तर शेजारीच हसतील. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रातील आहेत, आणि २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्यासही स्वतःची ग्रामसभा मिळविता येते. तेव्हा कोणतेही नाव कापण्यापूर्वी होळीच्या दिवसांत, माणसे घरी असताना, संशयित नावांची यादी पाड्यावर मोठ्याने वाचावी आणि ज्याचे नाव त्याने उभे राहावे. एका पाड्यास एक दुपार पुरेल.